भिवपुरीची वीज घ्या, पण उल्हासचं पाणी लिहून द्या: जलसंपदा मंत्र्यांना खुलं पत्र

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

साहेब, ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारने टाटा पॉवरबरोबर दोन पंप्ड स्टोरेज (म्हणजे पाणी वर चढवून, खाली सोडून वीज साठवायच्या) प्रकल्पांचा सामंजस्य करार केला, शिरवटा १८०० मेगावॅट आणि भिवपुरी १००० मेगावॅट, मिळून साधारण १३ हजार कोटींचा मामला. वीज किती, गुंतवणूक किती हे सगळीकडे छापून आलं. खाली उल्हास नदीत उन्हाळ्यात रोज किती पाणी सुटणार हे मात्र मला कुठे वाचायला मिळालं नाही, आणि ठाण्यात राहणाऱ्याला आधी तेच विचारायचंय.

कर्जतजवळ भिवपुरीचं टाटांचं वीजघर १९२२ पासूनचं. वर मावळात ठोकरवाडीचं धरण आहे, आंध्रा नदीवर, म्हणजे ते पाणी खरं तर भीमेच्या खोऱ्यातलं, ते घाटावरून पाइपाने खाली आणून टर्बाइन फिरवतात आणि मग उल्हासमध्ये सोडतात, आणि त्याच्यावर बदलापूरपासून कल्याणपर्यंत सगळे जगतात, कल्याणजवळ शहाडला स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी तेच पाणी उचलते आणि ते ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरच्या नळाला येतं. कर्जतला आमचे मामा राहतात, ते त्याला सरळ 'टाटाचं पाणी' म्हणतात. पावसाळा संपला की उल्हास म्हणजे जवळजवळ टाटाचं पाणी आणि बारवी धरणाचं पाणी एवढंच उरतं. म्हणून तर पाऊस कमी झाला की आंध्रा (म्हणजे ठोकरवाडी) आणि बारवीचा साठा मोजून १५ जुलैपर्यंत पुरवायचा हिशोब होतो आणि आमच्याकडे दर आठवड्याला पाणी बंद ठेवायचा शटडाऊन लागतो, बादल्या, पिंप, टाकीवाल्या काकांशी भांडण, सगळं आलंच.

आता नदीच्या तब्येतीचं. इथे जलविद्युत पाणी घाण करते असं मी अजिबात म्हणत नाही, उलट एवढ्या उंचीवरून जोरात येऊन टर्बाइनच्या पेल्टन चाकावर आपटणारं पाणी हवा खाऊनच बाहेर पडतं. घाण आपलीच आहे. कर्जत, नेरळ, बदलापूर, जिथे बघाल तिथे टॉवर उभे राहिलेत आणि त्यांचं सांडपाणी नाल्यातून नदीत. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत उल्हासचा मोहने ते बदलापूर हा पट्टा आहे, आणि शहाड त्या मोहन्याच्या शेजारीच! मे महिन्यात मुरबाडला लग्नाला जाताना उल्हासवरच्या रायत्याच्या पुलावर गाडी थांबवून खाली बघा, पाणी दिसतच नाही, जलपर्णीचा हिरवा गालिचा, खांबांना अडकून थर चढलेला, त्यात थर्माकोलच्या प्लेटा आणि निर्माल्याच्या पिशव्या, आणि एक माणूस होडीतून आकडा टाकून ते ओढतोय, जेवढं ओढतो तेवढं वरून परत येतंय. जलपर्णीला सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरसचं खाद्य लागतं आणि संथ पाणी लागतं, दोन्ही आपण पुरवतोय.

आणि वाहतं पाणी कधी येतं? वीज लागेल तेव्हा. जलविद्युतचा फायदाच तो आहे, संध्याकाळी मुंबईची मागणी चढली की टर्बाइन चालू, मागणी उतरली की बंद. नाल्यांना मात्र सुट्टी नसते. टर्बाइन बंद असताना तेवढंच सांडपाणी कमी पाण्यात मिसळतं, ऑक्सिजन खाली जातो, आणि शहाडला पंप तर चोवीस तास चालू.

आता पंप्ड स्टोरेजमध्ये पाणी दिवसा सोलरच्या विजेवर वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली आणायचं. चांगली कल्पना आहे, कोळसा जाळण्यापेक्षा कितीतरी बरी, माझा विरोध नाही. पण तेच पाणी वरखाली फिरणार असेल तर नदीच्या वाट्याला रोज किती? नवीन जलाशय पहिल्यांदा भरायचं पाणी कुठल्या महिन्यात घेणार? हे परवानगीच्या कागदावर लिहून पाहिजे, मीटिंगमध्ये तोंडी नको.

नियमात फट आहे हे आपल्याला माहीतच असेल. गंगेसाठी २०१८ ला किमान प्रवाहाची अधिसूचना निघाली, आपल्या नद्यांना तशी नाही. २५ मेगावॅटच्या आतले जलविद्युत प्रकल्प तर २०१६ च्या वर्गीकरणात 'पांढऱ्या' गटात टाकले, म्हणजे प्रदूषण मंडळाची संमतीच लागत नाही. धूर नाही म्हणून पांढरे, बरं आहे! मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी दिल्लीतून येते खरी, पण पाणी हा राज्याचा विषय आहे, तिथे आपला हात कोणी धरलेला नाही.

त्यात आपलं खातंही दोघांत वाटलेलं. कृष्णा खोरं एका मंत्र्यांकडे, कोकण दुसऱ्यांकडे. म्हणजे साठा एकाच्या हद्दीत आणि नदी दुसऱ्याच्या! वर हे पाणी पुन्हा पूर्वेला दुष्काळी भागात वळवा अशी मागणी आहेच, ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, जमीन वरच्या लोकांची बुडाली, पाणी आम्ही पितोय. पण तो निर्णय घेताना खालच्या लोकांचं पिणं आणि नदीचं वाहणं दोन्ही टेबलावर असू दे.

तर मागणं एवढंच. भिवपुरीच्या पाण्याच्या करारात नोव्हेंबर ते जून रोजचा किमान विसर्ग लिहा, आणि तो एकदाच धो धो सोडून उरकायचा नाही, दिवसभर विभागून. प्रकल्पात खालचा तलाव असेलच, त्यातून सारखं पाणी सोडता आलं पाहिजे. बदलापूरच्या बंधाऱ्यावर आणि मोहन्याला ऑक्सिजनचा ऑनलाइन मीटर बसवा, आकडे मोबाईलवर दिसू दे, नदीत ऑक्सिजन लिटरला ४ मिलीग्रॅमच्या खाली गेला तर जास्तीचं पाणी सोडायचं बंधन घाला, त्या विजेचं नुकसान कसं भरायचं ते दरात बघा, आमच्या बिलात चार पैसे वाढले तरी चालतील. आणि कृपा करून त्या जोरावर नगरपालिकांना सूट देऊ नका, सांडपाणी प्रक्रिया केंद्राशिवाय नवीन टॉवरला ओसी (राहायला जायचा दाखला) नाही म्हणजे नाही.

हेच पत्र मी दुसऱ्या जलसंपदा मंत्र्यांनाही पाठवतोय, दोघांपैकी कोणीही उत्तर दिलं तरी चालेल.

आपला,
पाणीपट्टी वेळेवर भरणारा एक ठाणेकर