आधी चेंडू पडू दे

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. ॲनिमेशनचा वर्ग घ्यायला तू होकार दिलास हे वाचून बरं वाटलं, पण सोबतचा आराखडा पाहिला आणि हसू आलं. पहिल्या तासाला इतिहास, दुसऱ्याला बारा तत्त्वं, तिसऱ्याला सॉफ्टवेअर! अरे, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी ती तत्त्वं 1981 साली पुस्तकात मांडली, तोवर डिस्नीच्या स्टुडिओत दोघांची हयात गेली होती. तीच आपण फळ्यावर लिहायची आणि मुलांनी घोकायची, याने कुणाचंही चित्र हलायचं नाही.

माझं ऐक, सुरुवातीचे तास संगणक बंदच ठेव. चौकटींचा कागद, पेन्सिल आणि एक चेंडू एवढं पुरे.

चेंडू आधी खरोखर टाकून दाखव. साधारण सव्वा मीटरवरून सोडलास तर खाली पोचायला अर्धा सेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबाने 12 फ्रेम. एकेक चित्र दोन फ्रेम धरलं की सहा टप्पे झाले. आता मुलांना 36 चौकटी उंचीची उभी रेघ मारायला लाव आणि सांग, सहा टप्प्यांत चेंडू खाली आणा. बहुतेक जण दर सहा चौकटींवर ठिपका देतील. तेच मोबाइलवर फ्रेमगणिक टिपून लगेच दाखव. चेंडू पडतच नाही, लिफ्टमधून उतरतो! मग शेजारी दुसरी रेघ: वरून 1, 3, 5, 7, 9, 11 अशी अंतरं. बेरीज तीच 36, वेळ तोच, पण हा चेंडू पडतो. निम्मा वेळ संपला तरी तो जेमतेम पाव उंची उतरलेला असतो, हे मुलं स्वतः चौकटी मोजून पडताळतात. टायमिंग (हालचालीला लागणारा वेळ) म्हणजे काय आणि स्पेसिंग (टप्प्यांमधली अंतरं) म्हणजे काय, हे वेगळं समजवावं लागत नाही. मला विचारशील तर पहिल्या महिन्यात एवढंच कळलं तरी पुष्कळ झालं.

पुढे आपटणं. इथे मुलांना भारी उत्साह येतो. चेंडू जमिनीला टेकायच्या आधीच चपटा करून मोकळे होतात. टेकलेल्या चित्रातच चपटा, त्याच्या आधीच्या चित्रात किंचित लांबट, आणि लांबट तोही वाटेच्या दिशेने. चपटा केला की रुंदी वाढलीच पाहिजे, नाहीतर चेंडूतली हवा गेल्यासारखी वाटते. लगेच दुसरं काम दे: आता हाच गोल लोखंडी आहे. काही न सांगता कोण दबवणं सोडून देतं आणि उसळी कमी करतं, ते बघ. त्या मुलांवर लक्ष ठेव.

कागद बोटांत धरून मागेपुढे फडफडवायची सवय पहिल्या दिवसापासून लाव. पुढे सॉफ्टवेअरमध्ये ओनियन स्किन, म्हणजे मागची-पुढची चित्रं फिकट दाखवणारी सोय, येते तेव्हा ती काय करतेय हे त्यांना आपोआप कळतं. नाहीतर काय होतं, दोन की-फ्रेम (हालचालीची मुख्य चित्रं) दिल्या की मधलं सगळं संगणक भरतो, बऱ्याचदा दोन्ही टोकांना सारखंच मऊ करून. मग मुलाला वाटतं, झालं काम. ग्राफ एडिटर उघडून हालचालीचा आलेख दाखवणारा वक्र बदलायचा असतो हे त्याच्या गावीही नसतं.

'ज्यांचा हात चित्रकलेत बसलेला नाही त्यांचं काय,' असं तू विचारलंस. त्यांनाच पिठाचं अर्धं भरलेलं पोतं दे. हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा नाही. चार कोपऱ्यांवर राग, कंटाळा, भीती दाखवायची. छान डोळे-नाक काढणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण लपायला जागाच नसते. एक अट घाल: उडी मारण्याआधी पोत्याने खाली बसलंच पाहिजे. पूर्वतयारीशिवायची उडी प्रेक्षकाच्या डोळ्यांतून निसटते.

चालण्याची घाई नको. वॉक सायकल, म्हणजे चालण्याची पुन्हा पुन्हा फिरणारी चित्रमाला, सगळ्यांना हवी असते, पण शरीराचं वजन कळण्याआधी ती केली की पात्र जागेवर पाय घासत राहतं.

गुणांचं म्हणशील तर रेखाटनाला मी गुणच देत नाही. काड्यांचा माणूस असला तरी चालेल, त्याला वजन हवं. तुमच्या विभागप्रमुखांना हे पटवणं मात्र तुझं तू बघ.

पोत्यांचे व्हिडिओ झाले की पाठव. बिघडलेले आधी पाठव, त्यांवर बोलायला जास्त असतं.

तुझा,
जुना बाकमित्र