मॅडम, तुमच्यामुळं वर्दी मिळाली

नमस्कार वकील मॅडम,

नाव लिहू नको म्हणलात म्हणून लिहीत नाही, पण आभार सगळ्यांसमोरच मानायचेत.

एसएससी जीडीला, म्हणजे केंद्राच्या फोर्समधल्या शिपाई भरतीला, 5 किलोमीटर 24 मिनिटांच्या आत काढलं, उंची छाती बसली, आणि मेडिकलला पहिल्या बोर्डानं बीपी जास्त म्हणून अनफिट केलं. रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्या बोर्डाच्या फेरतपासणीला, बीपी नॉर्मल निघालं तर तिथं पायाला व्हेरिकोज व्हेन (फुगलेली शीर) लिहून टाकलं, जे पहिल्या बोर्डाच्या कागदावर कुठंच नव्हतं! रिव्ह्यूच्या वर खात्यात अपील नाही, जीडीला वयाची अट 23, ओबीसीची 3 वर्षं सूट धरूनही माझी शेवटचीच भरती, माय तर जेवायलाच तयार नव्हती. त्यात एकजण म्हणे वर ओळख आहे, पैसे भरा, काम होतंय.

तुम्ही म्हणलात त्याला एक रुपया देऊ नको. आधी सरकारी दवाखान्यात सर्जनला दाखव, कलर डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) कर, प्रायव्हेटच्या रिपोर्टला कोर्टात तेवढं वजन नसतंय, आणि शीर खरंच फुगलेली निघाली तर मी केस घेणार नाही, बापाचे कापसाचे पैसे उगी कोर्टात घालू नको. मॅडम, फी समोर दिसत असताना असं कोण बोलतं?

डॉप्लर नॉर्मल आला, मगच तुम्ही औरंगाबाद खंडपीठात घटनेच्या कलम 226 खाली रिट याचिका टाकली. हेबी सांगून ठेवलं की कोर्ट स्वतः कुणाला फिट म्हणत नसतंय, फोर्सच्या डॉक्टरांच्या मतात सहसा हात घालत नाही, पण दोन बोर्डांचं कारण जुळत नसंल, नाहीतर स्पेशालिस्टनं बघायची गोष्ट स्पेशालिस्टविना ठरवली असंल तर परत तपासणी मागता येते. दिल्ली हायकोर्टाचा 2024 चा निकाल दाखवून मला मराठीत समजावलात, माझ्या बापालाबी समजला.

आदेश झाला, नव्या बोर्डात सर्जननं तपासलं, फिट! आता ट्रेनिंगला आहे, पहाटेच्या ड्रिलला पाय काहीच कुरकुर करत नाहीत.

सोमवारी आमच्या गावातला एक पोरगा तुमच्याकडं येतोय, त्यालाबी रिव्ह्यूत काढलंय. दोन्ही बोर्डांचे कागद आणि सरकारी दवाखान्याचा रिपोर्ट घेऊनच जा म्हणून त्याला सांगितलंय, तेवढं बघा मॅडम.

तुमचा,
परभणी जिल्ह्यातला एक जवान