पन्नास की वीस?

सिंगापूर, रविवार

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार. परवा फोनवर मी एका चिनी मालिकेच्या दोन आवृत्त्यांबद्दल, पन्नास भागांच्या आणि वीस भागांच्या, सांगत होते, तर तू म्हणालीस, "त्यातलं छोटं कुठलं ते सांग, मोठं बघायला वेळ कुणाला आहे?" तेवढ्यात तुझ्याकडे गॅसवाला आला आणि बोलणं अर्धवट राहिलं. तसंही हे उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून सरळ कागद घेऊन बसले. बाबांना वाचायला दे. आजीला मात्र वाचून दाखवताना जरा पुढचं-मागचं गाळ, तिला गोष्टीचा शेवट आधी कळलेला आवडत नाही.

मालिकेचं नाव 'द अनटेम्ड'. चिनी नाव 'छन छिंग लिंग'. २०१९च्या जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत चीनमध्ये टेन्सेंट या तिथल्या बड्या कंपनीच्या व्हिडिओ सेवेवर चालली, भाग पन्नास. त्याच वर्षाच्या शेवटी त्याच चित्रीकरणातून नव्याने कापून वीस भागांची 'विशेष आवृत्ती' काढली आणि ती टेन्सेंटच्या 'वीटीव्ही' या परदेशी प्रेक्षकांच्या अ‍ॅपवर आणली. माझ्याबरोबर राहणारी मलेशियातल्या इपोहची मुलगी आहे ना, तिने मला आधी वीस भागांचीच दाखवली. ऑफिसला जाता-येता, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्याने. आवडली म्हणून मग पन्नास भागांची घेतली, आणि तेव्हा कळलं की मी आधी पाहिली ती वेगळीच गोष्ट होती.

तुझी तक्रार मला पाठ आहे. मालिका म्हणजे पाणी घालून वाढवलेली आमटी, अर्धी कापली तरी काही बिघडत नाही. आपल्याकडच्या रोजच्या मालिकांबद्दल तू म्हणतेस ते खरंच आहे. तिथे आज लिहितात, उद्या शूटिंग करतात, टीआरपी पडला की मेलेली सासू परत येते. पण चिनी मालिकेची रीत निराळी. आधी सगळं लिहून, चित्रित करून, आवाज भरून पुरं करतात आणि मग दाखवायला घेतात. हिचं शूटिंग २०१८च्या एप्रिल ते ऑगस्टमध्ये उरकलं होतं, बरंचसं हंगतियानच्या त्या प्रचंड स्टुडिओ-गावात आणि काही ग्वेचौच्या डोंगरात. पहिला भाग लोकांनी पाहिला तेव्हा पन्नासावा केव्हाच तयार होता. त्यामुळे दुसऱ्या भागात टाकलेला धागा पुढे कुठे गाठायचा ते करणाऱ्यांना माहीत असतं.

पाणी तिथेही घालतात, नाही असं नाही. मालिका भागांच्या हिशेबाने विकली जाते, मग भाग वाढवण्याचा मोह होणारच. ते इतकं वाढलं की २०२०च्या फेब्रुवारीत सरकारी खात्याने सांगून टाकलं, चाळीसच्या वर भाग करू नका, तिसाच्या आत बसवलंत तर उत्तम. अमेरिकेत तर याहून मोठी कात्री चालली होती. राजवाड्यातल्या राण्यांची एक शहात्तर भागांची गाजलेली मालिका २०१५ साली नेटफ्लिक्सवर आली ती दीड-दीड तासाच्या सहा भागांत! शहात्तरचे सहा. त्यात राण्या कुठे गेल्या असतील देव जाणे.

आता गोष्ट. पाच घराणी आहेत, विद्या आणि तलवार शिकवणारी. त्यातलं गुसूचं लान घराणं म्हणजे शिस्तीचा कडेलोट. गुसू हे सूचौचं जुनं नाव. डोंगरावरच्या त्यांच्या गुरुकुलात तीन हजारांवर नियम दगडात कोरलेले आहेत. पळायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही, दारू तर नाहीच. तिथे दुसऱ्या घराण्याचा वेई वूश्येन शिकायला येतो आणि रात्री दारूचे बुधले घेऊन भिंतीवरून आत उडी मारतो. पकडणारा कोण, तर लान वांगजी, त्या घराण्याचा धाकटा, ज्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. छपरावर चांदण्यात दोघांची मारामारी, एक बुधला फुटतो. इथून सुरुवात.

सुरुवात म्हटलं खरं, पण मालिका तशी सुरू होत नाही. ती सुरू होते वेई वूश्येन कड्यावरून पडतो तिथून. सोळा वर्षांनी एक छळलेला पोरगा मंत्र टाकून त्याला परत बोलावतो, आणि तो तोंडावर मुखवटा चढवून जगात वावरायला लागतो. दुसऱ्या भागात डोंगरावर एका पिसाटलेल्याला शांत करायला तो ओबडधोबड बासरीवर एक धून वाजवतो, कुठली ते त्याचं त्यालाही नीट आठवत नाही, आणि मागून लान वांगजी येऊन त्याचं मनगट घट्ट धरतो. बस, एवढंच. का धरलं, कसं ओळखलं, काही सांगत नाहीत. तिसऱ्या भागापासून गोष्ट सोळा वर्षं आणि त्याही मागे जाते, ती तिसाच्या पुढे गेल्यावरच परत येते.

मध्ये दहा-अकरा भाग उलटल्यावर एक गुहा येते. राक्षसी कासवाशी लढून दोघे आत अडकलेत, वेई वूश्येन तापाने फणफणलाय, आणि तो हट्ट करतो म्हणून हा मुखदुर्बळ लान वांगजी त्याला हळू आवाजात एक गाणं म्हणून दाखवतो. गाण्याचं नाव विचारल्यावर सांगतो, ओठ हलतात, पण आपल्याला ऐकू येत नाही. (कासव फार वाईट काढलंय, संगणकावर घाईत केल्यासारखं. त्याच्याकडे बघू नकोस.) तर ती डोंगरावरची धून हीच. जगात दोघांनाच माहीत असलेली. हे लक्षात आलं तेव्हा मी उठून दुसरा भाग पुन्हा लावला.

वीस भागांतही हे सगळं आहे, पण तिथे मला ते नुसतं कळलं होतं, जाणवलं नव्हतं. कारण त्या मनगट धरण्याला मधे मुरायला वेळच मिळत नाही. सोळा वर्षं एक माणूस वाट पाहत होता हे पडद्यावर अक्षरांत लिहून पटत नाही, बघणाऱ्यालाही थोडं थांबायला लावावं लागतं.

बाबांना हे पटेल. सांगलीच्या नाट्यगृहात 'सौभद्र' बघून आलो की ते दर वेळी कुरकुरतात, "अमुक पद गाळलं, तमुक गाळलं." किर्लोस्करांनी १८८२ साली ते आणलं तेव्हा त्यात शंभरावर पदं होती आणि प्रयोग रात्रभर चाले. आता रंगावृत्ती तीन तासांची. कथा तीच, सुभद्रा तीच, शेवटी लग्न लागतंच. पण लोक तिथे कथेसाठी जातच नव्हते ना.

छोट्या आवृत्तीत कथा दोघांभोवती आवळून घेतली आहे. साहजिकच आजूबाजूची माणसं आक्रसतात. आणि खरं सांगू, मला ही मालिका आवडली ती त्या माणसांमुळे. वेई वूश्येन अनाथ. ज्यांग घराण्याने वाढवलेला. तिथली मोठी बहीण ज्यांग यानली फारशी विद्या नसलेली, भांडणात न पडणारी, पण कमळाचे देठ घालून हाडांचं सूप करते आणि दोन भाऊ भांडले की वाटी पुढे सरकवते. पहिल्यांदा वीस भागांची पाहिली तेव्हा ती माझ्या लक्षातही राहिली नव्हती. पन्नासांत तिच्या वाटेला जे येतं ते बघून मी रात्री दोनला चहा केला, झोप लागेना.

तसाच धाकटा भाऊ, ज्यांग छंग. तुसडा, मत्सरी, आणि तरी त्याच्यावर राग धरता येत नाही. वेई वूश्येनने त्याच्यासाठी काय देऊन टाकलंय ते त्याला वर्षानुवर्षं माहीत नसतं. कळतं ते एका तलवारीमुळे. वेई वूश्येनची तलवार त्याच्या माघारी म्यानात अशी बसलीय की कुणालाच उपसता येत नाही, आणि ज्यांग छंगच्या हातात ती सहज निघते. का निघाली हे मी लिहीत नाही, तू ओळखशील. पण तो प्रसंग पार शेवटच्या टप्प्यात आहे आणि त्याआधीचं त्याचं सगळं टोचून बोलणं ऐकलेलं असेल तरच तो लागतो.

आणि एक पोरगं आहे, आ-युआन. हरलेल्या वन घराण्यातली उरलीसुरली म्हातारी माणसं घेऊन वेई वूश्येन एका ओसाड टेकडीवर राहतो, मुळे लावतो, आणि ह्या पोराला मुळ्यासारखा मातीत रोवून ठेवतो, लवकर मोठा व्हावा म्हणून! बाजारात हे पोरगं अनोळखी लान वांगजीच्या पायाला मिठी मारून रडतं, लोक समजतात बापच आहे, आणि तो बिचारा लाकडासारखा उभा. मग मुकाट्याने त्याला खेळणी घेऊन देतो. हे बघून आजी नक्की हसेल. पुढे तो कोण होतो ते तिला सांगू नकोस.

आता छोट्या आवृत्तीची बाजूही सांगते, नाहीतर म्हणशील पोरगी एकतर्फी बोलते. पन्नासांत यिन लोखंड नावाच्या जादूच्या धातूची भानगड आहे, त्याचे तुकडे शोधत सगळे भटकतात. मूळ कादंबरीत हे नाहीच. मालिकेत नायकाच्या हातून जे भयंकर घडतं त्याचं थोडं खापर वस्तूवर फुटावं म्हणून घातलंय असं मला वाटतं. कादंबरीतली चालती प्रेतंही पडद्यावर 'कळसूत्री माणसं' झाली आहेत. इथे कितीही कात्री चालवली तरी माझी हरकत नाही.

दुसरं, आणि हे जरा गमतीचं आहे. ही प्रेमकथा आहे आई, दोन पुरुषांची. मो श्यांग थोंग श्यू या टोपणनावाच्या लेखिकेची मूळ कादंबरी इंटरनेटवर क्रमशः आली, तिच्यात ते दोघे उघड एकमेकांचे होतात. पण तिथल्या टीव्हीच्या आचारसंहितेत २०१६पासून असं नातं दाखवायला मनाई. म्हणून मालिकेत दोघे एकमेकांचे जिवलग, त्यापुढे शब्द नाही. जे आहे ते नजरेत, पावसात, छत्रीत. एका रात्री वेई वूश्येन त्या हरलेल्या लोकांना घोड्यांवर घालून पळवतोय, वाटेत लान वांगजी छत्री धरून एकटा उभा. अडवायला आलेला. दोन वाक्यं बोलतात आणि तो बाजूला होतो, छत्री हातून सुटते. मिठी नाही, काही नाही.

पन्नासांत अशा दोन नजरांच्या मधे युद्ध, राजकारण, सभा, लग्नं येतात. वीस भागांत त्या एकापाठोपाठ एक येतात. परिणाम असा की जे बोलायला बंदी होती ते छोट्या आवृत्तीत जास्त स्पष्ट ऐकू येतं, एकही नवा संवाद न घालता. कात्री लावणारा हुशार होता, आणि त्याला आपला प्रेक्षक ठाऊक होता. आता तर असं करून बघायलाही कुणाला मिळत नाही. २०२१नंतर तसल्या कादंबऱ्यांवरच्या मालिका पडद्यावर येणं जवळजवळ बंदच झालंय, केलेल्या कित्येक तशाच पडून आहेत.

आजीला काय सांगायचं तो तुझा प्रश्न. मला विचारशील तर खरं सांग. जन्मभर महाभारत ऐकलेल्या बाईला आणखी कशाचं आश्चर्य वाटणार?

पन्नासांचा शेवट पुष्कळांना अपुरा वाटतो. दोघे आपापल्या वाटेने जातात. वेई वूश्येन डोंगरावर उभा राहून बासरी वाजवतो, मागून कुणीतरी त्याच्या घरच्या नावाने हाक मारतं, "वेई यिंग", तो वळून हसतो, संपलं. हाक कुणाची ते दाखवतही नाहीत. वीस भागांच्या शेवटाबद्दल मी अवाक्षर लिहिणार नाही, त्यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे आणि मला एक मत तुझं हवंय.

तर माझं उत्तर: पन्नास. रोज एकच भाग, जेवणं झाल्यावर. पहिले दोन भाग काही कळणार नाही, इतकी नावं आहेत आणि एकेका माणसाला दोन-दोन. बाबा म्हणतील बंद कर, करू नकोस. आवाज नटांचे स्वतःचे नाहीत, दुसऱ्यांनी दिलेत, तिकडे तशी पद्धतच आहे, तेव्हा ओठ जुळत नाहीत म्हणून नाक मुरडू नकोस. मराठी अक्षरं खाली येत नाहीत, इंग्रजी वाचावी लागतील. तुला शाळेच्या सवयीने जमेल, आजीला मात्र तोंडाने सांगावं लागेल. त्यासाठी मधे थांबवत जा. वीस भागांची नंतर, पन्नास संपल्यावर. आधी बघितलीस तर ज्यांग यानलीचं सूप वाया जाईल.

ईशूला सांग, तुझ्या टीव्हीवर ही मालिका तिथे दिसेल असं अ‍ॅप घालून दे. पैसे मी भरते, पाठवू नकोस. बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचं काय झालं ते कळव, गेल्या फोनला तू विषय बदललास. आणि मला रात्री फोन करायचा तर साडेआठच्या आत कर, इथे अडीच तास पुढे असतं, सकाळी साडेसहाला उठायचं असतं.

तुझी,
मनू

ता. क. – गुहा आली की लगेच मेसेज कर, वेळ कुठलीही असो.