तू उभा होतास, माहितीये मला

आदू,

फोन केला की "आई नंतर बोलतो" म्हणतोस आणि ते नंतर काही येत नाही, म्हणून लिहितेय. निवांत वाच, अर्धं वाचून ओके असा रिप्लाय टाकू नकोस.

तेरा दिवस झाले तू सरांशी बोललेला नाहीस. सहाव्या राउंडला तुझे कोच म्हणून त्यांनी टॉवेल टाकून फाइट थांबवली, तू ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांसमोर त्यांना "तुम्ही माझी फाइट विकली" म्हणालास, आणि रात्री स्टोरी टाकलीस, बचेंगे तो और भी लढेंगे. त्याखाली आगीचे इमोजी किती आले ते मीही बघितलं. अरे पण दत्ताजी शिंदे हे म्हणाले तेव्हा जखमी होऊन पडलेले होते, समोरचा मान कापायला उभा होता, थांबायचा पर्याय त्यांना कुणी दिलाच नव्हता. तुला होता. आणि त्या ओळीतला पहिला शब्द कुठला आहे तेही बघ एकदा. (शिर सलामत वगैरे म्हणणार नाहीये मी, म्हण सुरू केली की तू मोबाईल उचलतोस.)

तुझं एकच पालुपद आहे, मी उभा होतो. हो, होतास, तिसऱ्या रांगेतून दिसत होतं मला. पण पाचव्या राउंडपासून तुझा जॅब, तो सरळ ठोसा, गेला की हात परत हनुवटीशी येत नव्हता, कमरेपर्यंत खाली येत होता, आणि बेल झाल्यावर तू आधी दुसऱ्याच कोपऱ्याकडे दोन पावलं गेलास आणि मग वळलास. आठवतंय तुला? सरांना विचारलं तर त्यांनीही नेमकं तेच बघितलं होतं. नऊ वर्षं तुझे हँडरॅप धुतेय मी, मला फाइटमधलं काही कळत नाही असं आता म्हणू नकोस. रात्र रात्र जागून जुन्या फाइट्स बघितल्यात, आधी भीतीनं, आणि मग खोटं कशाला बोलू, आवडायला लागलं म्हणून.

उभं असण्याचं सांगते. मागोमेद अब्दुसलामोव २०१३ मध्ये न्यूयॉर्कला माइक पेरेझशी दहाच्या दहा राउंड उभा होता, एकदाही पडला नाही. पॉइंटवर हरला, चालत बाहेर आला, बोलत होता, आणि अँब्युलन्स नाही तर टॅक्सी पकडून हॉस्पिटलमध्ये गेला. डोक्यात रक्त साठत होतं. कोमातून बाहेर आला पण एक बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पुढे न्यूयॉर्क राज्यानं त्याच्या घरच्यांना २.२ कोटी डॉलर देऊन खटला मिटवला. पडला असता तर कदाचित लवकर कुणाचं तरी लक्ष गेलं असतं असं मला राहून राहून वाटतं.

तू म्हणशील मेंदूचं मला सांगू नकोस, लायसन्सच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांनी सांगितलं आणि तू सही केलीस, ऐकलंस कुठे. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, पाण्यात असल्यासारखा असतो, आणि बाजूनं हुक किंवा खालून अपरकट बसला की डोकं गर्रकन फिरतं, मेंदू मागून फिरतो, आणि त्या ओढाताणीत मेंदूवरून कवटीच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा तुटतात. ग्लोव्ह हात वाचवतो रे, हेडगार्ड कातडी फाटण्यापासून वाचवतो, आतल्या ह्या फिरण्याला दोन्हीचा फारसा उपयोग नाही. शीर तुटली तरी माणूस लगेच कोसळेलच असं नाही, अर्धा तास, तासभर, कधी जास्तही नीट बोलतो, हसतो, मग डोकं दुखतं, उलटी होते, आणि मग धावाधाव. म्हणून "मी ठीक आहे" ह्या वाक्यावर माझा विश्वास नाही, तुझ्याच नाही, कुठल्याच बॉक्सरच्या.

किम डुक-कूचं तर तुला पाठच असेल. १३ नोव्हेंबर १९८२, लास वेगास, रे मॅन्सिनीसमोर. हॉटेलच्या खोलीतल्या दिव्याच्या शेडवर त्यानं जगायचं किंवा मरायचं अशा अर्थाचं लिहून ठेवलेलं. तुझ्या स्टोरीसारखंच की. चौदाव्या राउंडला पडला, उठलाही, आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसी ह्या जागतिक बॉक्सिंग संघटनेनं टायटल फाइट पंधरावरून बारा राउंडवर आणली आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्यांनीही. सगळे बारा राउंडचं सांगतात. किमच्या आईनं काही महिन्यांत जीव दिला आणि त्या फाइटच्या रेफरीनंही १९८३ मध्ये स्वतःला संपवलं, हे मात्र ओझरतंच येतं. मी ते पहिल्यांदा वाचलं त्या रात्री तुझ्या खोलीचं दार उघडून तू श्वास घेतोयस ना ते बघून आले होते, तुला माहीत नाही.

नियम असेच येतात, कुणीतरी गेल्यावर किंवा जाता जाता वाचल्यावर. १९९१ मध्ये लंडनला मायकेल वॉटसन युबँकशी हरला, त्याला मेंदूची शस्त्रक्रिया होते अशा ठिकाणी पोचवेपर्यंत मोलाचा वेळ गेला. तो वाचला, चाळीस दिवस कोमात, सहा ऑपरेशनं, आणि मग त्यानं ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डावर केस केली आणि जिंकली. आज तुझ्या फाइटला रिंगपाशी ऑक्सिजन घेऊन डॉक्टर बसतात ना, त्यामागे वॉटसनसारख्यांची आयुष्यं आहेत. नियमांमुळे फरक पडला, नाही असं नाही. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये टोकियोत एकाच कार्यक्रमात लढलेले दोन तरुण, कोतारी आणि उराकावा, एका दिवसाच्या अंतरानं गेले, आणि जपान तर शिस्तीचा देश. म्हणजे नियम कितीही केले तरी शेवटी दोन राउंडच्या मधल्या, कोपऱ्यातल्या त्या एका मिनिटात स्टुलासमोर कोण वाकलेलं आहे ह्यावर खूप काही ठरतं.

आता तुझी बाजू. कोरालेस आणि कॅस्टिलो, ७ मे २००५, दहावा राउंड. कोरालेस दोनदा पडला, माउथगार्ड थुंकून वेळ काढला (त्याबद्दल पॉइंट गेला), डोळे सुजून फटी उरलेल्या, आणि त्याच राउंडमध्ये उठून त्यानं कॅस्टिलोला संपवलं. मी ती फाइट पाच-सहा वेळा बघितलीये, दर वेळी अंगावर काटा येतो. त्या दिवशी त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला असता तर लोकांनी त्या माणसाला जन्मभर माफ केलं नसतं आणि आपल्याला कळलंही नसतं की काय हुकलं. हे खरंय, आणि ह्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. ती जिद्द नसेल तर तू रिंगच्या पायऱ्याच चढू नयेस, भित्रा बॉक्सर जास्त मार खातो हे मलाही कळतं. पण आदू, मार खाणाऱ्यालाच विचारायचं का अजून किती खाऊ म्हणून? ज्या डोक्यावर मार बसतोय तेच डोकं हिशोब करणार? मकसिम दादाशेवच्या कोपऱ्यात २०१९ मध्ये त्याचा कोच बडी मॅकगर्ट अकराव्या राउंडनंतर अक्षरशः विनवत होता, प्लीज मॅक्स, मला थांबवू दे, आणि तो मान हलवून नाही म्हणत होता. मॅकगर्टनं ऐकलं नाही, थांबवली. तरी चार दिवसांनी मकसिम गेला, अठ्ठावीस वर्षांचा. थांबवूनही उशीर झाला होता. सरांनी लवकर थांबवली म्हणून तू चिडलायस, आणि उशीर झाला असता तर चिडायला तू असतास का हे मी विचारणारच.

मनिलाची फाइट आठव, १९७५, अली आणि फ्रेझर. चौदा राउंड झालेले, फ्रेझरला धड दिसत नव्हतं, एकच राउंड उरला होता. फ्रेझरचा कोच एडी फच, त्यानं थांबवली, फ्रेझर नको नको म्हणत होता तरी. बस खाली पोरा, संपलं, आज तू इथं केलंस ते कुणी विसरणार नाही, असं काहीसं म्हणाला. आणि खरंच कोण विसरलंय? अलीला मात्र १९८० मध्ये होम्सनं दहा राउंड बडवलं तेव्हा त्याचा कोच डंडी थांबवा म्हणत होता आणि अलीच्याच गोटातला बंडिनी ब्राउन त्याला ओढत होता की अजून एक राउंड. दोघांचंही प्रेमच होतं अलीवर. तुझ्या कोपऱ्यात मला डंडी हवाय.

वाइल्डरनं काय केलं तुला माहितीये. २०२० मध्ये फ्युरीनं सातव्या राउंडपर्यंत झोडपलं, त्याच्याच कोपऱ्यातल्या मार्क ब्रीलंडनं टॉवेल टाकला, तर ह्यानं त्यालाच काढून टाकलं, मला ढालीवरून जाऊ द्यायला हवं होतं म्हणाला, म्हणजे लढता लढता मेलो तरी चालेल. ब्रीलंड स्वतः ऑलिम्पिक गोल्डवाला, त्याला काही फाइट कळत नव्हती अशातला भाग नाही. आणि त्याच वर्षी ड्युबॉ हा बॉक्सर जॉयससमोर डोळ्याजवळचं हाड मोडलं तेव्हा गुडघा टेकून बसला. टीव्हीवर बसलेले जुने बॉक्सरसुद्धा म्हणाले, पळपुटा, हार मानली. चार वर्षांनी वेम्ब्लीत त्याच ड्युबॉनं जोशुआला पाचव्या राउंडला झोपवलं. डोळा राहिला म्हणून.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. तू ज्या नव्या माणसाबरोबर जायचं म्हणतोयस त्याचा व्हिडिओ मी बघितला. "माझ्या फायटरसाठी मी आयुष्यात कधी टॉवेल टाकणार नाही" असं छाती ठोकून सांगतोय, आणि खाली तू लाइक केलंयस. तुला ते निष्ठा वाटतंय. मला वाटतं हा माणूस निर्णय घेणार नाही हे आधीच जाहीर करतोय, आणि मार तुझ्या डोक्याला बसणार आहे, त्याच्या नाही. कोच बदल, माझं काही म्हणणं नाही, सर काही देव नाहीत, त्यांचे वजन कमी करायचे जुने प्रकार मला कधीच पटले नाहीत, वजनाच्या आदल्या रात्री प्लास्टिक सूट घालून पळवणं आणि पाणी तोडणं, सुकलेल्या अंगानं मार खाणं म्हणजे काय ते त्यांना मी तोंडावर सुनावलंय. पण जो कोण असेल त्याला थांबवायचा हक्क आधीच दे, डोकं ठिकाणावर असताना दे, आणि नंतर त्यानं तो वापरला तर विकलं म्हणू नकोस.

आणि स्पारिंग, म्हणजे सरावातल्या लढती. फाइट वर्षातून तीन, पण स्पारिंगचे राउंड किती शेकडो होतात त्याचा हिशोब कोण ठेवतं? टॉवेल पडल्यानंतर बॉक्सिंग बोर्डानं तुला साठ दिवस बाहेर ठेवलंय, पण जिमच्या दारात बोर्डाचा माणूस उभा नसतो हे तुला आणि त्या नव्या माणसाला दोघांनाही ठाऊक आहे. सोमवारपासून तिकडे राउंड करायला चाललायस हे मला तुझ्या मित्राकडून कळलं. त्याच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं.

मंगळवारी तू फोनवर म्हणालास डोकं जड आहे, झोप झाली नाही. शुक्रवारी म्हणालास उजेड नको वाटतोय, पडदा ओढलाय. दोन्ही वेळा मी काही बोलले नाही. मग त्या नव्या कोचला फोन केला, सांगितलं असं असं होतंय, तर हसून म्हणाला, मॅडम, चॅम्पियनला डोकेदुखी नसते, सवय असते.

काल रात्री मी बोर्डाच्या डॉक्टरांना ईमेल केलाय. मंगळवारचं, शुक्रवारचं, सोमवारच्या स्पारिंगचं, सगळं लिहिलंय. एमआरआय आणि तपासणी झाल्याशिवाय लायसन्स रिन्यू होणार नाही असं त्यांचं उत्तर सकाळी आलंय, तुलाही येईल आज. सरांना ह्यातलं काही माहीत नाही, त्यांना मध्ये ओढू नकोस. जे काय बोलायचं ते मला बोल, मी फोन उचलेन, कितीही वाजता.

आई