सेबूहून: सिनुलोग आणि मेणबत्तीवाल्या बायकांचा नाच

सेबू, जानेवारी अखेर

प्रिय मंदार,

फिलिपिन्समधल्या या सेबू शहरातला सिनुलोग, म्हणजे बाळ येशूच्या मूर्तीचा नाचगाण्यांचा उत्सव, कसा असतो ते नीट लिही, असं तू बजावलं होतंस. जगाला ठाऊक आहे ती जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची मिरवणूक. पिसांचे मुकुट, झगमगते पोशाख, महिनोन्‌महिने तालीम केलेली पथकं, बक्षिसं. देखणीच असते, पण तशी अलीकडची, १९८० सालची. डेव्हिड ओडिलाओ या सरकारी अधिकाऱ्याने विद्यार्थ्यांना मोरो (दक्षिण फिलिपिन्समधल्या मुस्लिमांचा) वेश चढवून ढोलांच्या तालावर रस्त्यावर उतरवलं, तिथून ती सुरू झाली. मला लिहायचंय ते तिच्याहून खूप जुन्या नाचाबद्दल.

इथल्या सांतो नीनोच्या, म्हणजे बाळ येशूच्या, बॅसिलिकेपाशी, म्हणजे मोठ्या चर्चपाशी, मेणबत्त्या विकणाऱ्या बायका असतात, बहुतेक वयस्कर. मेणबत्त्या घेतल्या की त्या विचारतात, कुणासाठी, काय मागायचंय? मग त्याच मेणबत्त्या हातात धरून आपल्या वतीने नाचतात. दोन पावलं पुढे, एक मागे, हात सावकाश हलतात, ओठ पुटपुटत राहतात. ही चाल नदीच्या प्रवाहाची, असं इथले लोक सांगतात. मला वारीतली पावली आठवली. मी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं होतं. त्या बाईंनी आईचं नाव पुन्हा विचारून घेतलं, आणि त्यांच्या बिसाया भाषेतल्या प्रार्थनेत मध्येच ते ऐकू आलं तेव्हा माझा घसा दाटून आला. मंदार, अनोळखी माणसाचं मागणं स्वतःच्या पायांवर घेणं किती मोठी गोष्ट आहे!

मूर्ती जेमतेम फूटभर, लाकडाची, राजाच्या पोशाखातली. १५२१ साली स्पेनच्या मोहिमेवरचा दर्यावर्दी मॅगेलन याने ती इथल्या राजा हुमाबोनच्या राणीला बाप्तिस्म्याच्या वेळी भेट दिली. त्याच एप्रिलमध्ये समोरच्या माक्तान बेटावर तिथला सरदार लापूलापू याच्या माणसांनी मॅगेलनला ठार केलं आणि उरलेले स्पॅनिश निघून गेले. मूर्ती मात्र राहिली. १५६५ मध्ये स्पॅनिश सेनानी लेगास्पी आला, तोफा डागल्या, वस्ती पेटली, आणि जळक्या घरांत शोधाशोध करताना एका शिपायाला ती पेटीत सुखरूप सापडली. मधली ४४ वर्षं इथल्या लोकांनी तिला आपल्या पद्धतीने पुजलं, तिच्यापुढे नाचले, पाऊस मागितला, अशी परंपरा आहे. म्हणून मला वाटतं, धर्म बाहेरून आला असेल, पण पावलं इथलीच आहेत.

मबोलो भागातल्या दियोला घराण्याने ढोलावरचा, ढाल-तलवारीचा जुना सिनुलोग पिढ्यान्‌पिढ्या जपला. एस्तेलिता ‘तितांग’ दियोला यांचं नाव इथे अजून आदराने घेतात. रविवारच्या झगमगाटात या लोकांची आठवण फार थोड्यांना येते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शनिवारी पहाटे मूर्ती शेजारच्या मांदावे शहरातून बोटीने, समुद्रमार्गे येते. सोबत ग्वादालूपे माता, म्हणजे मेरीची मूर्ती, मागे होड्यांचा ताफा, काठावर माणसंच माणसं, आणि एकच गजर, ‘पिट सेन्योर!’, म्हणजे प्रभूला घातलेली साद. चर्चमध्ये स्तोत्र सुरू झालं की हजारो हात एकदम वर जाऊन डोलू लागतात.

तू येशील तेव्हा फक्त रविवार धरून येऊ नकोस. आधीच्या नऊ दिवसांच्या नोव्हेनात, म्हणजे प्रार्थनांत, ये, पहाटेच्या मिरवणुकीत चल, आणि काकूंसाठी काय मागायचं ते घरून ठरवून ये. मेणबत्तीवाल्या बाईंकडे मी घेऊन जाईन.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
निखिल