बी विंगमधल्या काकांना, एका हार्डफॉल्टबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

ही चिठ्ठी तुमच्या दाराखालून सरकवता आली असती. पण त्या रात्री मी जिथे अडकले होते तिथे आज आणखी कुणी डोकं धरून बसलं असेल, म्हणून उघडंच पत्र लिहितेय.

बोर्ड आठवत असेल तुम्हाला, एसटीएम३२एफ४२९ डिस्कव्हरी. १८० मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर, चिपच्या पोटात २ एमबी फ्लॅश आणि २५६ केबी रॅम, शेजारी ८ एमबीची एसडीरॅम, म्हणजे चिपबाहेरची जादा रॅम. एवढ्या जागेत मला खरा लिनक्स कर्नल, म्हणजे त्या सिस्टिमचा गाभा, नांदवायचा होता. या चिपमध्ये एमएमयू (प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीचा आपापला नकाशा देणारा भाग) नाही, पण म्हणून लिनक्स चालत नाही असं नाही. १९९८ मध्येच यूसीलिनक्स या लिनक्सच्या छोट्या अवताराने ते करून दाखवलं होतं. कर्नल फ्लॅशमधूनच चालवायचा, रॅममध्ये फक्त त्याचा डेटा, असा माझा बेत. बूटलोडर, म्हणजे कर्नलला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, हौसेने स्वतः लिहिलेला. (तयार मिळतो. माहीत होतं. हौस!)

बूटचा मजकूर सिरीयलवर झरझर यायचा आणि बरोबर इनिटपाशी, म्हणजे कर्नल सुरू करतो त्या पहिल्या प्रोग्रॅमपाशी, माशी शिंकायची. हार्डफॉल्ट, म्हणजे गंभीर चूक होऊन प्रोसेसर अडतो तो. रोज तिथेच. तीन आठवडे मी कंपायलर बदलले, बिझीबॉक्स (लिनक्सच्या छोट्या कमांडांचा गठ्ठा) पुन्हा पुन्हा बांधलं, रॅमवर संशय घेऊन रात्रभर मेमरी टेस्ट लावली. एक बाइट चुकला नाही.

तुम्ही आला होतात टाकीच्या दुरुस्तीची वर्गणी मागायला. मी रडकुंडीला आलेली. ‘‘लिनक्समधलं मला ओ की ठो कळत नाही, आयुष्य ८०५१ चिपवर गेलं,’’ म्हणत पावतीपुस्तक बाजूला ठेवून बसलात आणि विचारलंत, ‘‘टेस्टमध्ये तू लिहितेस आणि वाचतेस. तिथून काही चालवून पाहिलंस का?’’

नव्हतं पाहिलं. मग आपण एसडीरॅममध्ये दोन बाइटची एकच सूचना ठेवली, ‘आल्या वाटेने परत जा’ एवढंच सांगणारी, आणि तिच्यावर उडी मारली. प्रोसेसर तिथेच आडवा!

मॅन्युअलमधल्या मेमरी मॅपवर तुम्ही पेन्सिलीने गोल केलात तो अजून तसाच आहे. या बोर्डावर एसडीरॅम मेमरी कंट्रोलरच्या दुसऱ्या बँकेला, म्हणजे कप्प्याला, जोडलेली, म्हणून तिचा पत्ता हेक्समध्ये ‘डी’ने सुरू होतो. कॉर्टेक्स-एम मात्र ‘ए’ ते ‘डी’ हा सगळा पट्टा बाहेरच्या उपकरणांचा समजतो: वाचा, लिहा, पण तिथून कोड चालवायचा नाही. एमपीयू, म्हणजे मेमरीवरचा पहारेकरी, बंद असला तरी हा नियम सुटत नाही. कर्नल फ्लॅशमध्ये, म्हणून तो सुखाने धावत होता. इनिट हा रॅममध्ये चढणारा पहिलाच प्रोग्रॅम, म्हणून तो पहिल्याच पावलाला पडत होता. औषधही त्याच मॅन्युअलमध्ये निघालं. एका रजिस्टरमध्ये योग्य बिट लावला की बँकांची अदलाबदल होते आणि तीच रॅम ‘९’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर दिसते. तिथे कोड चालतो. बूटलोडरमध्ये एक ओळ, डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअर सांगणाऱ्या यादीत) नवा पत्ता, कर्नल पुन्हा बांधला. पावणेदोन वाजता प्रॉम्प्ट आला. तुम्ही केव्हाच झोपला होतात, नाहीतर बेल वाजवली असती.

भाऊ विचारतो, याचा उपयोग काय? त्याला मी दिमित्री ग्रिनबर्ग या प्रोग्रॅमरचा किस्सा सांगते. त्याने २०१२ मध्ये ८ बिटच्या एव्हीआर या छोट्या चिपवर एआरएम प्रोसेसरचं सोंग उभं करून लिनक्स बूट केला, प्रॉम्प्ट यायला सुमारे दोन तास लागले. त्यापुढे माझं बरंच शहाणपणाचं.

आता नवा घोळ फोर्कचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमने स्वतःची प्रत काढून नवा प्रोग्रॅम जन्माला घालण्याचा, आहे. एमएमयू नाही म्हणून फोर्क नाही, व्हीफोर्कवर भागवायचं. मूल आपल्या वाटेला लागेपर्यंत आई थांबून राहते. तेही तुम्हाला दाखवायचंय. पेन्सिल माझ्याकडेच राहिलीय, रविवारी बोर्डासोबत आणते. आणि वर्गणी त्या गडबडीत द्यायची राहूनच गेली, तीही.

तुमची,
वरच्या मजल्यावरची