ऑनलाइन पालक-सत्रांविषयी सभासदांना सूचना

सर्व सभासदांना विनंती आहे की, दिव्यांग मुलांच्या पालकांसाठीच्या ऑनलाइन सत्रांत सहभागी होताना शिकलेली कृती घरी करून पाहण्याची तयारी ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेने २ ते ९ वर्षे वयाच्या मुलांच्या पालकांसाठी आखलेल्या प्रशिक्षणात ९ गटसत्रांबरोबर ३ गृहभेटीही आहेत. कारण जेवण, आंघोळ, खेळ अशा रोजच्या प्रसंगांत मुलाशी संवाद कसा साधावा, हे प्रत्यक्ष सरावानेच अंगवळणी पडते. ऑनलाइन सत्रांत गृहभेटीची उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी अशा प्रसंगाची छोटी चित्रफीत मार्गदर्शकांना दाखवता येईल. मात्र ती केवळ त्यांनाच पाठवावी, समूहावर टाकू नये, आणि मुलाला समजत असेल तर त्याची संमती अवश्य घ्यावी.

बोलणे पडद्यावर अक्षरांत दाखवणारी ओळ (कॅप्शन), सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा स्क्रीन रीडरला (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येईल असे साहित्य हवे असल्यास तसे आधीच कळवावे. अशी मागणी करण्यात संकोचण्यासारखे काहीही नाही. शक्यतो आई एकटीने नव्हे, तर वडील, आजी-आजोबा यांपैकी कोणीतरी सोबत बसावे, कारण घरातील सर्वांची पद्धत एक असली की मुलाला ती उमगते आणि एकाच व्यक्तीवरील भारही हलका होतो.

झटके येणे, गिळताना ठसका लागणे किंवा येत असलेले कौशल्य अचानक हरवणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढील सत्राची वाट न पाहता तातडीने डॉक्टरांकडे जावे.